तोमोएच्या कुंपणाबाहेरचा मुलगा

'तोत्तोचान' हे पुस्तक आपल्याकडे बहुधा शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात वाचले जाते. कुणीतरी व्याख्याते येतात, आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेचे कौतुक सांगतात, 'मुलांना मोकळीक द्या' असे फळ्यावर लिहितात आणि चहा येतो. त्यामुळे हे पुस्तक म्हणजे शिक्षणशास्त्राचा एक गोड पाठ अशी त्याची ख्याती झाली आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. मी मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. समीक्षेची परिभाषा मला येत नाही. परंतु चार कादंबऱ्या लिहिताना आणि वीस वर्षे मुलांपुढे मोठ्याने वाचताना पुस्तकाचा जीव कुठे आहे हे ओळखण्याची थोडी सवय झाली आहे. माझ्या मते या पुस्तकाचा जीव रेल्वेच्या डब्यांत नाही. परकी माणसे आणि परके शब्द एका लहान मुलीच्या जगात कसे शिरतात, याची ही गोष्ट आहे. आणि ती त्या दृष्टीने आपल्याकडे फारशी कुणी वाचलेली दिसत नाही.

ज्यांनी पुस्तक पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. तेत्सुको कुरोयानागी या जपानी अभिनेत्रीने १९८१ साली आपल्या बालपणाच्या या आठवणी प्रसिद्ध केल्या. चित्रे चिहिरो इवासाकी यांची. त्या १९७४ सालीच निवर्तल्या होत्या, त्यांची आधीची चित्रे पुस्तकाला लावली आहेत आणि ती याच मजकुरासाठी काढली असावीत असे वाटण्याइतकी शोभतात. पहिल्या शाळेने 'ही मुलगी आम्हांला नको' म्हणून काढून टाकलेली तोत्तो टोकियोतल्या तोमोए या शाळेत येते. १९३७ साली सोसाकू कोबायाशी या गृहस्थांनी ती शाळा काढली आणि १९४५ साली बॉम्बहल्ल्यात ती जळाली. मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला आहे. नावातला 'चान' अनुवादात तसाच राहिला आहे, हे फार बरे झाले. मुलांच्या नावापुढे लाडाने लावायचा तो प्रत्यय. पण आपले नावच 'तोत्तोचान' आहे असे त्या मुलीला वाटत होते. आपल्याकडे 'बाळ' हेच नाव होऊन म्हातारपणापर्यंत टिकलेले किती 'बाळ' आहेत!

आता आपल्या शाळांकडे वळू या. अलीकडे शाळाशाळांतून 'देशोदेशीचा दिवस' साजरा करण्याची टूम निघाली आहे. माझ्या माहितीतल्या एका शाळेत मी तो पाहिला आहे. वीस देशांच्या पताका, प्रत्येक वर्गाला एकेक देश वाटून दिलेला. जपानच्या टेबलावर कागदाचे पंखे, जुन्या साडीचे किमोनो घातलेल्या दोन मुली आणि त्या येईल त्याला वाकून 'कोन्निचिवा' म्हणत होत्या. शेजारी फ्रान्सचा लोखंडी मनोरा पुठ्ठ्याचा होता. फोटो निघाले, अहवालात लागले, चार वाजता पताका उतरल्या. मुलांना मजा आली हे मी मुळीच नाकारणार नाही. पालकांनी हौसेने रात्र जागून पुठ्ठे कापले होते, आणि हौसेला नावे ठेवणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसत नाही. पण त्या दिवशी मुलांना पोशाख भेटला, माणूस भेटला नाही. 'कोन्निचिवा' हा शब्द कुणाला तरी काहीतरी सांगण्यासाठी उच्चारला गेलाच नाही. तो पंख्यासारखा हातात धरलेला होता.

तोमोएत असला दिवस कधी झाला नाही. पण परदेश तिथे रोज होता, त्यावर परदेशाची चिठ्ठी नव्हती इतकेच. जेवणापूर्वी मुले एक गाणे म्हणत. नीट चावून खा, अशा अर्थाचे शब्द कोबायाशींनी स्वतः रचलेले; चाल मात्र 'रो, रो, रो युअर बोट' या इंग्रजी बालगीताची. जेवणाआधी म्हणायचे असे एक गाणे जगात मुळातच असते, अशा समजुतीत ती मुले मोठी झाली. दुसरी गोष्ट तालाची. एमिल जाक-डालक्रोझ या स्विस संगीतज्ञाने ताल अंगात मुरवण्यासाठी शरीराच्या हालचालींची एक पद्धत बसवली होती. कोबायाशी युरोपात जाऊन ती खुद्द डालक्रोझ यांच्यापाशी शिकले आणि मुलांना त्यांनी तिची व्याख्या न सांगता पियानोच्या तालावर नुसते चालायला, धावायला लावले. स्वित्झर्लंड त्या मुलांच्या पायांत गेला.

हे वाचताना मला ताराबाई मोडक आठवतात. माँटेसरीबाईंची पद्धत इटलीची, तिची साधने महागडी. ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर तीच पद्धत शिंपले, खडे, पाने, बिया घेऊन चालवली. आपल्याकडे परदेशी कल्पना रुजल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही, आणि त्यासाठी कुणाला इटालियन टोपी घालावी लागली नाही.

जेवणाच्या डब्याचे प्रकरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. डब्यात 'थोडे समुद्रातले, थोडे डोंगरावरचे' आणा, एवढेच कोबायाशींचे पालकांना सांगणे. ते स्वतः डबे बघत फिरत; मागून त्यांच्या पत्नी दोन पातेली घेऊन येत आणि ज्याच्या डब्यात जे कमी असेल ते वाढत. हे प्रकरण मी आमच्या गावातल्या शाळेत पाचवीला वाचून दाखवले. गाव कोकणातले. शाळेत खिचडी मिळते, तोंडी लावायला मुले घरून काहीबाही आणतात. वाचन संपायच्या आत डबे उघडले गेले. सुक्या जवळ्याची चटणी अर्थातच समुद्राची. फणसाची भाजी डोंगराची. तोत्तोच्या डब्यातला गोडसर माशांचा चुरा कशात मोडतो याविषयी तोमोएत जी चर्चा झाली, तशीच आमच्याकडे अंड्यावरून झाली. "कोंबडी परड्यात हिंडते, म्हणजे डोंगरातलं," असा एकाने निकाल दिला. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, मीठ मिठागरातलं. म्हणजे सगळ्यांच्याच डब्यात समुद्र आहे." जपानविषयी त्या दिवशी मी एक अक्षरही शिकवले नाही, पण पुढचा आठवडाभर मुले विचारीत होती की तिकडे भात कसला खातात, समुद्र किती लांब, आणि त्या मुलांच्या आया पहाटे किती वाजता उठत. देशाची ओळख अशी मधल्या सुट्टीतून सुरू व्हावी.

परंतु ही सगळी परकेपणाची सोपी बाजू झाली. चाल, ताल, डबा यांच्यापाशी कुणाचे भांडण नसते. पुस्तकाची खरी परीक्षा पुढे आहे.

एक दिवस तोमोएत मियाझाकी नावाचा नवा मुलगा येतो. जन्म आणि वाढ अमेरिकेतली. आईबाप जपानी, पण याला जपानी नीट येत नाही. कोबायाशी मुलांना एवढेच सांगतात की, तुम्ही त्याला शिकवा आणि त्याच्याकडून शिका. मियाझाकी गुळगुळीत पानांचे एक सुंदर इंग्रजी चित्रांचे पुस्तक आणतो. मुले त्याच्याभोवती कोंडाळे करतात. तो इंग्रजीत वाचतो, त्याच्या तोंडची भाषा मुलांना गाण्यासारखी वाटते. मग देवघेव सुरू होते. तान्ह्या बाळाला आमच्याकडे असे म्हणतात, तुमच्याकडे काय म्हणतात? सुंदरला काय? तो त्यांचे शब्द अडखळत म्हणतो, ती त्याचे शब्द अडखळत म्हणतात, आणि दोन्हीकडचे अडखळणे सारखेच असल्यामुळे कुणी कुणाला हसत नाही. लेखिकेने हे सारे फार थोड्या शब्दांत सांगितले आहे. भाषा शिकवण्याच्या पद्धतींवर मी जी काही पुस्तके चाळली त्या सर्वांत मिळून इतके सांगितलेले मला आढळले नाही. इथे शब्दाची गरज आधी उत्पन्न होते आणि शब्द मागून येतो. आपण वर्गात शब्द आधी पाठ करवतो, आणि गरज पुढे कधीतरी नोकरीच्या मुलाखतीत उत्पन्न होईल म्हणून सांगतो.

आणि हे कधी चालले आहे? जपानचे अमेरिकेशी युद्ध जुंपलेले असताना. इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली होती. ग्रामोफोनच्या 'रेकॉर्ड'ला 'ओनबान' म्हणायचे ठरले. १९४३ साली बेसबॉलच्या मैदानातले 'स्ट्राइक' आणि 'आउट'सुद्धा हद्दपार झाले. अमेरिकन म्हणजे राक्षस असे मोठी माणसे सांगत होती, आणि तोमोएतली पोरे एका सुरात 'सुंदर'चा इंग्रजी शब्द घोकत होती. कोबायाशींनी यावर भाषण केल्याचे पुस्तकात नाही. त्यांनी मियाझाकीला बसायला जागा दिली, बस्स.

भाषेला शत्रू ठरवण्याचे हे वेड काही जपानची मक्तेदारी नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदाच केला, की आठवी उत्तीर्ण होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवायची नाही. रोख जर्मनवर होता. रॉबर्ट मायर नावाच्या शिक्षकाने दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मनमधून बायबलातल्या गोष्टी वाचायला शिकवल्या, म्हणून त्याला पंचवीस डॉलर दंड झाला. त्याने तो भरला नाही. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९२३ साली कायदाच रद्द झाला. एका खेड्यातल्या मास्तराची ही चिकाटी पाहिली म्हणजे आपल्याला पेशाचा अभिमान वाटतो. पण कोबायाशींच्या ठिकाणी न्यायालयात जाण्याची सोय नव्हती. त्यांच्याजवळ फक्त शाळेचे कुंपण होते.

आणि इथेच मला या पुस्तकाविषयी जे मुख्यतः सांगायचे आहे ते येते. कुंपणाच्या आत आलेल्याला तोमोए वाचवते. पोलिओ झालेला यासुआकी, वाढ खुंटलेला ताकाहाशी, अमेरिकेतून आलेला मियाझाकी, पहिल्या शाळेने टाकलेली स्वतः तोत्तो, हे सारे आत आले आणि सुखरूप झाले. पण तोत्तोच्या घराकडच्या वाटेवर, कोरियन लोकांच्या चाळीपाशी, मासाओ नावाचा एक मुलगा भेटतो. तो कुंपणाबाहेरचा आहे. तो तोत्तोला पाहतो आणि तिच्या अंगावर एकच शब्द फेकतो: 'कोरियन!' तोत्तो घाबरते. ती तर जपानी; मग हा आपल्याला असे का म्हणतो? घरी येऊन आईला विचारते, आणि आईच्या डोळ्यांत पाणी येते. त्या मुलाला सगळे जण तो शब्द शिवीसारखा ऐकवतात. तेव्हा बिचाऱ्याला ती शिवीच वाटते, आणि म्हणून कुणाला दुखवायचे झाले तर तो तीच देतो.

आपल्या स्वतःच्या जातकुळीचे नाव शिवी म्हणून शिकलेला मुलगा! मी कादंबऱ्या लिहिते. हे मला सुचले असते तर मी त्यावर तीनशे पाने लिहिली असती आणि ती बिघडवली असती. कुरोयानागींनी ते दोन-तीन पानांत सोडून दिले आहे. त्या पानांत आणखी एक तपशील आहे. मासाओची आई त्याला हाक मारते. तिचा हेल वेगळा, हाक लांबवलेली, आणि तोत्तोला ती ऐकायला आवडते. वाचकाने इथे थांबावे. 'मासाओ' हे नाव जपानी आहे. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. १९३८ च्या फर्मानाने तिथल्या शाळांत कोरियन भाषा ऐच्छिक झाली आणि थोड्याच वर्षांत शाळांतून नाहीशी झाली. १९४० पासून कोरियन लोकांना जपानी वळणाची आडनावे घ्यायला लावण्यात आले. म्हणजे ती आई आपल्या मुलाला हाक मारते ती राज्यकर्त्यांच्या भाषेतल्या नावाने, आणि तिची स्वतःची भाषा उरली आहे ती फक्त त्या हेलात. लेखिकेने हा इतिहास सांगितलेला नाही. तिने हेल ऐकवला आहे. चांगला लेखक याहून निराळे काय करतो?

माझी तक्रार आहे ती त्यानंतरच्या भागाविषयी. आई तोत्तोला समजावून सांगते, की सगळी मुले सारखीच, तू त्याच्याशी चांगले वाग. बोलणे खरे आहे, आईने तसे बोललेही असेल. पण बाणासारखा लागलेला तो शब्द या समजावणीत थोडा बोथट होतो. मियाझाकीच्या प्रकरणाच्या शेवटीही हेच होते. मुलांचा कोरस ऐकू येत असताना प्रौढ लेखिका मध्ये येऊन, ती मुले किती सुंदर होती हे आपल्याला सांगते. ते आम्हांला दिसले होते, बाई. हा दोष साऱ्या पुस्तकात अधूनमधून डोकावतो. पण मासाओच्या बाबतीत लेखिकेचा एक संयम फार मोलाचा आहे: ती त्याला तोमोएत आणीत नाही. एखाद्या गोडबोल्या लेखकाने त्याला शेवटी कोबायाशींपुढे उभा केला असता आणि आपण डोळे पुसून पुस्तक मिटले असते. इथे तो रस्त्यावरच राहतो. तोमोए किती मोठी होती हे मियाझाकी सांगतो. ती किती लहान होती हे मासाओ सांगतो. प्रशिक्षणवर्गातल्या व्याख्यानात मासाओचे नाव मी अजून ऐकलेले नाही.

बाकीच्या काही जागा नुसत्या उल्लेखून पुढे जाते. तोत्तोचे वडील ज्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत त्याचे संचालक रोझेनस्टॉक हिटलरच्या छळामुळे युरोप सोडून आलेले. स्टेशनावर हातांनी बोलणारी तीन बहिरी मुले पाहून आपल्यालाही ती भाषा यावी असे तोत्तोला वाटलेले. या दुसऱ्या प्रसंगाचे पुढे काय झाले ते सांगण्यासारखे आहे. पुस्तकाच्या मानधनातून कुरोयानागींनी तोत्तो प्रतिष्ठान उभारले, आणि तिथे बहिऱ्या नटांना व्यावसायिक रंगभूमीचे शिक्षण मिळते. २०२३ साली त्यांनी पुस्तकाचा पुढचा भागही लिहिला, म्हणजे मधली बेचाळीस वर्षे ही मुलगी त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती.

मासाओचे प्रकरण मी वर्गात वाचले. आमच्या भागात आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबे येतात. त्यांची मुले हंगाम असेपर्यंत आमच्या शाळेत बसतात. बहुधा मागे, बहुधा मुकी. वर मी ज्या देशोदेशीच्या दिवसाचे वर्णन केले तिथेही असा एक मुलगा होता. वीस देशांच्या पताकांत नेपाळची नव्हती, आणि सबंध शाळेत खरीखुरी परदेशी भाषा बोलणारा तोच एक होता. माझ्या वर्गात प्रकरण संपल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. मग एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आपण याला 'कांचा' म्हणतो तसं." सगळ्यांनी मागे पाहिले. तो खाली बघत होता. गावात कुठल्याही नेपाळी पोराला 'ए कांचा' म्हणून पुकारतात, आणि म्हणताना तोंड जरा वाकडे करतात. नेपाळीत कान्छा म्हणजे धाकटा मुलगा, शेंडेफळ. त्याची आई त्याला बागेतून तशीच हाक मारते.

त्या दिवशी वर्गात काही चमत्कार झाला नाही. चमत्कार मासिकांत होतात. पण दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरचे एक नेपाळी पुस्तक मागून आणले आणि मुलांपुढे ठेवले. लिपी देवनागरी! मुले घडाघडा वाचू लागली आणि एका ओळीनंतर थबकली, कारण अर्थ लागेना. आपल्याला वाचता येते आणि कळत नाही हा अनुभव त्यांना नवा होता. तो मागच्या बाकावरच्या मुलाला गेले चार महिने रोज येत होता. मग विचारणे सुरू झाले. नाकाला नाक, कानाला कान, हाताला हात, तेव्हा मुलांना वाटले हा थट्टा करतो आहे. आंब्याला 'आँप'. छानला 'राम्रो'. त्याचा उच्चार कुणालाच धड जमेना, आणि तो पहिल्यांदा हसला. 'माया' शब्द आला तेव्हा तो म्हणाला की आई करते ती माया; आणि वर्ग म्हणाला, आमच्याकडेही. पावसाळ्यापूर्वी ते कुटुंब गेले. तक्ता भिंतीवर आहे. त्याला 'कांचा' म्हणणे सगळ्यांनी सोडले असे मी म्हणणार नाही, पण म्हणताना आता दोघेतिघे तरी अडखळत, एवढे मी कानांनी ऐकले आहे.

दिवाळीच्या सुट्टीत घरात मुले असतील आणि हे पुस्तक मिळाले तर दुपारी मोठ्याने वाचावे. प्रकरणे लहान आहेत, एका बैठकीत तीन-चार सहज होतात. सुरुवात डब्याच्या प्रकरणाने केली तरी चालेल. क्रम बिघडल्याने फारसे अडत नाही. मासाओचे प्रकरण मात्र मुलाच्या हाती देऊन 'वाच' म्हणू नये. ते सगळ्यांनी मिळून वाचावे, आणि वाचून झाल्यावर मोठ्यांनी लगेच काही बोलू नये.